अंदाजेबाई

खोटं कशाला बोलू, बाई पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायच्या. कॉलेजच्या लायब्ररीत मी कॉम्प्युटरवाला आणि त्या नोंदी करणाऱ्या. जुने प्रबंध, अहवाल, फोटो स्कॅन करून वेबसाइटवर चढवायचे, हे आमचं दोघांचं काम. मी दिवसाला पाचशे पानं उडवायचो, पण बाईंची नोंद झाल्याशिवाय एक पान वर चढत नसे. नाव काय, कुणी लिहिलं, कधी लिहिलं. त्या 'कधी'पाशी आमचं घोडं हमखास पेंड खायचं.

तारीख छापलेली नसली की बाई 'अंदाजे' लिहायच्या आणि पुढे कारण द्यायच्या. एकदा कॉलेजच्या इमारतीच्या एका फोटोत त्यांनी दोन दिवस घातले. फाटकाजवळचं झाड त्यात पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलेलं होतं. तारीख माहीत असलेल्या दुसऱ्या फोटोत तेच झाड गच्चीपर्यंत गेलेलं. भिंग लावून झालं, म्हाताऱ्या माळ्याला विचारून झालं, मग नोंद पडली : 'अंदाजे सहा वर्षं आधी. कारण : झाडाची उंची.' मी कपाळावर हात मारला. त्यांना अंदाजेबाई हे नाव मीच पाडलं आणि महिन्याभरात ते शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "चुकीचं नाही."

मग नवीन सॉफ्टवेअर आलं. त्याचा तारखेचा रकाना दिवस, महिना, वर्ष असं तिन्ही मागायचा आणि एक अक्षर दिसलं तरी नोंद परत फेकायचा. 'कारण' नावाचा रकाना तर त्यात नव्हताच. ग्रंथपाल साहेबांनी मला आठवड्याची मुदत दिली. 'अंदाजे'वाल्या नोंदी होत्या दोन हजार तीनशे सोळा. मी एका ओळीची आज्ञा लिहिली आणि सगळ्यांना आपापल्या वर्षाची एक जानेवारी बहाल केली. चहा निवायच्या आत काम फत्ते.

बाईंनी यादी वरून खाली पाहिली. "एवढी बाळंतपणं एकाच दिवशी?"

"वर्ष बरोबर आहे ना बाई? बाकी कोण बघतंय?"

"अंदाजे लिहिते म्हणजे मला नक्की माहीत नाही, हे मी कबूल करते. तू आता माझ्या तोंडून खोटं वदवतोयस." प्रत्येक नोंदीखाली त्यांची आद्याक्षरं होती, ती मी काढली नव्हती. साहेबांकडेही त्या गेल्या, पण साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. बाईंनी आपल्या जुन्या नोंदींच्या तीन वह्या पिशवीत घातल्या आणि घरी नेल्या. मी मनात म्हटलं, बसा रुसून.

दोन वर्षांनी वनस्पतीशास्त्राच्या मॅडमवर बालंट आलं. कुणीतरी निनावी पत्र टाकलं होतं की, यांचा प्रबंध चोरीचा आहे. तळ्यातल्या शेवाळावरचा प्रबंध, त्यातली बावीस पानं त्यांच्याच मार्गदर्शकांच्या एका अहवालाशी शब्दाला शब्द जुळत होती. प्रबंध दाखल झाला चौदा मार्चला. अहवाल आमच्या वेबसाइटवर त्याच वर्षीचा, एक जानेवारीचा. म्हणजे अहवाल आधी आणि मॅडमनी त्यातून उतरवून काढलं, असा सरळ हिशोब. मार्गदर्शक तीन वर्षांपूर्वीच वारले होते, विचारणार कुणाला? चौकशी समिती बसली. पदवी जाणार, पाठोपाठ नोकरी जाणार. मॅडम लायब्ररीत आल्या तेव्हा त्यांना खुर्ची ओढून घ्यायचंही सुचत नव्हतं.

त्या गेल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या. "त्या अहवालाची एक जानेवारी छापलेली आहे की तुझी आहे?"

माझी पाचावर धारण बसली. जुन्या डेटाची माझी डिस्क कधीच बसली होती. "तुमच्या वह्या?" मी विचारलं.

"घरी आहेत. चल."

दोन खोल्यांचं घर, खाली शिंप्याचं दुकान, वर मशीनचा खडखड आवाज. खिडकीशी पलंगावर बाईंची आई बसलेली, वय नव्वदीला टेकलेलं आणि जीभ शाबूत. बाई कपाटाशी वाकल्या तशी म्हातारीने मला जवळ बोलावलं. "हिला चार महिन्यांनी घरी बसवणार म्हणे तुम्ही लोक. अजून वर्ष आहे तिचं."

"आई, पुरे," बाई कपाटातूनच म्हणाल्या.

"का पुरे? शाळेत घालताना वय कमी पडत होतं, म्हणून मीच मास्तरांना सांगितलं, वर्षभर जास्तीचं लिहा. दाखल्यात जे साल आहे ना, त्या साली आम्ही गावी घर बांधलं. तिथल्या दारावर साल कोरलंय अजून. त्याच साली मी अंगणात लिंबाचं रोप लावलं, बोटभर होतं. आणि ही झाली तेव्हा ते कमरेएवढं होतं. आता तूच सांग, कसं जमायचं?"

मी बाईंना म्हटलं, "मग अर्ज का नाही करत?"

"लिंबाच्या झाडाची साक्ष ऑफिसात कोण घेतं?" त्या म्हणाल्या आणि दुसरी वही माझ्यापुढे उघडली. त्या अहवालाची ओळ तिथे होती, शिसपेन्सिलीने, टपोऱ्या अक्षरात : 'अंदाजे सप्टेंबर किंवा नंतर. कारण : पान ४० वर याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या पाण्याची मोजणी.'

मी तीच ओळ तीनदा वाचली. जो अहवाल ऑगस्टचं पाणी मोजतो, तो जानेवारीत कसा लिहिला जाईल? आणि ही मोठी मोलाची ओळ मी एका फटक्यात पुसली होती.

समितीपुढे आम्ही दोघं गेलो. मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. अध्यक्षांनी नोंदीचा कागद पुढे सरकवला. "ही तारीख कुणी घातली?"

बाई म्हणाल्या, "खाली आद्याक्षरं माझी आहेत."

एवढंच. माझ्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याची मला जी लाज वाटली, तशी जन्मात कशाची वाटली नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे चोर बाजूच्याच खुर्चीत गप्प बसला होता. मी उठलो. म्हटलं, "तारीख मी घातली. एकीला नाही, दोन हजार तीनशे सोळा नोंदींना. बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की हे खोटं आहे."

मग पान चाळीस उघडलं गेलं. अध्यक्षांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. तक्रार तिथेच निकालात निघाली, कारण उचलेगिरी झाली होती ती उलट्या दिशेने. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून मी पुढचं बोलत नाही. मॅडमनी बाईंचे दोन्ही हात धरले आणि त्या रडल्या. बाई त्यांना म्हणाल्या, "तोंड धुऊन घ्या, तुमचा तास आहे."

साहेब म्हणाले, ती एक नोंद दुरुस्त करा आणि विषय संपवा.

"जिच्यावर वेळ आली तिचीच तारीख खरी करायची?" बाईंनी विचारलं. "बाकीच्यांनी वेळ यायची वाट बघायची?"

साहेब म्हणाले, करा काय करायचं ते. मी सॉफ्टवेअरमध्ये शिरलो आणि अक्षरं घेणारा एक रकाना, कारणाचा दुसरा एक, असे दोन वाढवले. दीड तास लागला. दोन वर्षांपूर्वीही दीडच तास लागला असता. त्यानंतर रोज बाई वहीतून वाचायच्या आणि मी टाइप करायचो. ऐकता ऐकता मला कळत गेलं की, या बाईने आयुष्यभर न पाहिलेल्या माणसांची केवढी काळजी घेतली होती. त्यांच्यासारखं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, हे तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं. चार महिने संपले तेव्हा चारशे अकरा नोंदी उरल्या होत्या. वह्या माझ्या टेबलावर ठेवून बाई दाखल्यातल्या तारखेला निवृत्त झाल्या.

उरलेल्या मी एकट्याने पुऱ्या केल्या. मग एक नोंद माझ्या मनाने वाढवली. आमच्याकडे प्रत्येक नोंदकाराचीही नोंद असते, बाईंनी आपली कोरीच सोडली होती. तिथे लिहिलं : 'जन्म : शाळेच्या दाखल्यापेक्षा अंदाजे एक वर्ष उशिरा. कारण : आईची साक्ष, दारावर कोरलेलं साल, लिंबाचं झाड कमरेएवढं.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. पलीकडे शिलाई मशीनचा खडखडाट चालला होता. बाईंनी वेबसाइटवर ती नोंद वाचली होती.

"कमरेएवढं म्हणजे कुणाच्या कमरेएवढं? अर्धवट कारण लिहू नये."

मी फोन कानाशी धरूनच नोंद उघडली आणि 'कमरेएवढं'च्या आधी 'आईच्या' असं लिहिलं.