विसळलेला कॅन

पाध्येकाका दर शुक्रवारी सकाळी दहाला, घरात लाइट असताना, जनरेटर चालवायचे. मानपाड्याला आमच्या शेजारी, त्यांच्या मागच्या अंगणात, पत्र्याखाली तो असे. दोरी ओढून सुरू झाला की त्याला टेबलफॅन आणि दोन बल्ब जोडून काका समोर स्टुलावर बसत. नवख्याला वाटे, म्हातारा वारा खातोय.

"नुसतं फिरवून उपयोग नाही गं," ते मला सांगत, "त्याला काम द्यावं लागतं. पडून राहिलेलं मशीन ऐन वेळी उठत नाही."

उभी हयात कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेलेली. आता सांभाळायला एकच मशीन होतं, आणि त्याच्यावर त्यांच्या पत्नीचा, माईंचा, जीव अवलंबून होता. माईंची फुप्फुसं थकली होती. विजेवरच्या ऑक्सिजन मशीनची नळी सतत नाकाला. तेव्हा आमच्याकडे लाइट कधीही जाई. ती गेली की दोन मिनिटांत काकांचा जनरेटर धडधडू लागे. माई हसून म्हणत, "माझा श्वास ह्यांच्या दोरीला बांधलाय."

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मी तो जनरेटर मागितला. माई तपासणीसाठी दोन दिवस हॉस्पिटलात होत्या, म्हणून काकांनी दिला. मागून आणलेलं भांडं रिकामं परत करू नये, ही माझ्या आईची शिकवण. मी आमच्या ह्यांना पेट्रोल आणायला पाठवलं. जाण्याआधी कॅन स्वच्छ विसळून दिला, ही मात्र माझी स्वतःची हुशारी. टाकी काठोकाठ भरून बुधवारी मशीन परत केलं. त्याच संध्याकाळी माई घरी आल्या.

गुरुवारी दुपारी लाइट गेली. धडधड ऐकू येईना, तशी मी धावले. काका दोरी ओढून ओढून घामाघूम झाले होते. चोक पाहिला, प्लग काढून पुसला. शेवटी कार्बोरेटरखालचा स्क्रू सैल करून त्यांनी वाटीत पेट्रोल काढलं. पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे टपोरे थेंब होते. काकांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टाकी ओतून स्वतःच्या कॅनमधलं पेट्रोल भरलं. मशीन सुरू झालं तेव्हा उशाचा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर संपून गेला होता आणि माईंचे ओठ निळे पडले होते. त्यांना हॉस्पिटलात नेलं; चौथ्या दिवशी त्या तिथेच वारल्या.

भेटायला आलेले विचारत, जनरेटर कसा काय बंद पडला? काका म्हणत, "प्लग गेला होता." मी तिथेच चहाचे कप उचलत असे.

तेराव्यानंतर मला राहवेना. "काका, ते पाणी माझ्या कॅनमधलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण परत आलेलं मशीन चालवून बघायचं काम माझं होतं. मी शुक्रवारची वाट बघत बसलो." आणि हा माणूस माझ्यासमोर पहिल्यांदा रडला.

पुढे काकांची मुलगी त्यांना नौपाड्याला घेऊन गेली. निघताना जनरेटर मला दिला. "टाकी कोरडी केलीय. रिकामं देतोय, वाईट वाटून घेऊ नकोस."

काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडे लाइट फारशी जात नाही. तरी शुक्रवारी दहाला मी टेबलफॅन आणि दोन बल्ब जोडते. त्याआधी तो स्क्रू सैल करून वाटीत पेट्रोल काढते आणि तळ बघते. पाणी कधीच नसतं.