खंडाळ्याच्या बंगल्यातला ट्रॅक्टर

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, खंडाळ्याला एका बंगल्यावर गेले होते... ट्रॅक्टर घ्यायला! हो, मीच. हसू नका, आमच्या शेजारणी आधीच पोटभर हसून झाल्यात.

झालं असं, की बेडशाच्या आमच्या शेतावरचा एक बैल दिवाळीत गेला आणि दुसरा थकला. जर्मन-जपानची लढाई संपली तरी बैलांचे भाव काही खाली येईनात. त्यात कळलं, की मुंबईच्या एका शेठजींनी खंडाळ्याची बाग मोडली आणि बागेपुरता आणलेला छोटा ट्रॅक्टर विकायला काढलाय. आपल्या लहान लहान तुकड्यांत सहज वळेल असा.

पैसे आमच्या आणि धाकट्या दिरांच्या, दोन्ही घरांनी पोटाला चिमटा काढून साठवलेले, आणि हिशेब मी ठेवते म्हणून माझ्याकडे. यंत्र फसवं निघालं तर पैसेही गेले आणि यंदाची नांगरटही गेली... मला रात्रभर झोप नव्हती.

ह्यांच्या शाळेत परीक्षा चालू, रजा मिळेना. तळेगावहून मी एकटी निघाले. बेडशाहून दीर दत्तूभावजी आले, आणि त्यांच्या सोबत गावातले आबा. आबांचं आयुष्य बैलांचे सौदे करण्यात गेलेलं. भावजी म्हणाले, "वैनी, भाव करायला मानूस लागतो. मग तो बैल असू दे न्हाईतर इंजान."

बंगल्याच्या कारभाऱ्यांनी ट्रॅक्टर शेडमध्ये नीट पुसून ठेवला होता. शेठजी मुंबईला गेल्यापासून तीन महिने त्याला कुणाचा हात लागलेला नाही, तरी एका हँडलात सुरू होतो, म्हणाले. "पण रॉकेल रेशनवर आहे, उगाच जाळायला नको. आधी आकडा जमू दे, मग चालवून दाखवतो."

आबांनी लगेच खांद्यावरचा पंचा कारभाऱ्यांच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. बैलबाजाराची हीच रीत... आकडा तोंडाने बोलायचा नाही, बोटांनी सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. "अवो, जरा इचार करा!" "नाही परवडत आबा!" असं दोघांचं चाललेलं. पैसे माझ्या पिशवीत, आणि आकडा मात्र मलाच ठाऊक नाही! परक्या पुरुषाचा हात पंचाखाली धरायची सोय बाईमाणसाला कुठली?

म्हटलं, आपण आपलं काम करावं. सौदा जमला तर घरात येणारी वस्तू, हळदकुंकू तरी वाहावं. पुडी सोडली, इंजिनाला बोट टेकवलं... आणि चटकन मागे घेतलं. लोखंड गरम! नुकत्याच उतरवलेल्या दुधाच्या पातेल्यासारखं.

"आबा, हात काढा आधी," मी म्हटलं. पंचा तसाच लोंबत राहिला. "कारभारी, तीन महिने बंद असलेलं इंजिन गरम कसं?"

"ऊन लागलं असेल बाई."

"शेडमध्ये?"

आबा पंचा झटकत मोठ्याने हसले. "आरं तिच्या! बैल फिरवून आनलाय की!" मग त्यांनीच मला सांगितलं, की लंगडा बैल विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी त्याला चार फेऱ्या मारून आणतात. पाय मोकळे होतात, खोड दिसत नाही. म्हणून जाणता माणूस बसलेला बैल उठवून बघतो.

"मग आपणही बसलेलाच बघू," म्हणून मी व्हरांड्यात वाती वळत बसले. कारभारी म्हणाले, "बाई, गार व्हायला वेळ लागेल. जेवणं व्हायचीत तुमची." मी म्हटलं, "माझी आज अंगारकी. मला चंद्रोदयापर्यंत सवड आहे."

लोखंड गार झालं तेव्हा बंगल्यावरच्या ड्रायव्हरने हँडल मारलं. एकदा, दोनदा... बिचारा घामाघूम झाला, तेव्हा कुठे फटफट सुरू झाली. शेवटी त्यानेच खरं सांगितलं. मॅग्नेटो कमजोर आहे, ठिणगी नीट पडत नाही, पुण्याला दुरुस्त होतो, दोनशेच्या आसपास खर्च. बाकी यंत्र खणखणीत.

आबांनी पुन्हा पंचा पुढे केला. "पंचा नको आता," मी अडवलं. "भाव मोठ्याने बोला." तेव्हा कळलं, सौदा साडेसोळाशेवर आला होता. मी म्हटलं, "मग दुरुस्तीचे वजा करून साडेचौदाशे."

भावजी माझ्या कानाशी आले. "वैनी, आता घावलाय तावडीत. बाराशेला मागा की!"

"नाही भावजी. जेवढी खोट, तेवढंच कापायचं. लुबाडून आणलेलं यंत्र आपल्या मातीत नको." कारभाऱ्यांनी ऐकलं असणार... त्यांनी हात जोडले, आणि ट्रॅक्टर बेडशापर्यंत पोचवायला तोच ड्रायव्हर दिला.

मॅग्नेटो दुरुस्त होऊन आला. आता रोज सकाळी गारठलेला ट्रॅक्टर दुसऱ्या हँडलाला उठतो, असं भावजी सांगतात. निम्मं शेत नांगरून झालंसुद्धा!

आणि काल संध्याकाळी आबाच आमच्या दारात! चारचौघांत हात काढायला लावला म्हणून रागावले असतील, असं मला वाटलं होतं. चहा बशीत ओतत म्हणाले, "सूनबाई, लेकीच्या घरी बैल घ्यायचाय. चाकणच्या बाजारला येताय का? भाव मोठ्यानंच बोलू."

मी! बैलबाजारात! हे आत पेपर तपासत होते, ते उठून बाहेर आले आणि माझ्याकडे बघतच राहिले.

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते. खरं सांगते, तेव्हासुद्धा माझी मान एवढी ताठ झाली नव्हती. गजानना, कृपा तुझीच... पण बोट माझं पोळलं होतं, एवढं मात्र लक्षात असू दे!