कुंडलिकने दुरुस्त केलेला कंपायलर

पिंपळवंडीचा कुंडलिक बिबट्याला भ्यायचा नाही, पण इंग्रजी कागदाला भ्यायचा.

जुन्नरच्या बाजारात तो दुधाचं फॅट मोजणारी यंत्रं बनवायचा. त्यातल्या चिपसाठी प्रोग्राम लिहायचा, आणि चिपला कळेल अशा भाषेत तो उतरवायला इंटरनेटवरचा फुकट कंपायलर वापरायचा. स्वस्तातल्या चिपशी कंपायलरचं जमेना, तेव्हा पठ्ठ्याने दोन वर्षं खपून कंपायलरच दुरुस्त केला. त्याची यंत्रं विकणाऱ्या विपुलशेठला, त्याच्या वजनकाट्यांच्या चिपसाठी, तयार कंपायलरची सीडीही दिली.

२००३च्या उन्हाळ्यात विपुलचं पत्र आलं. कंपायलरचा सोर्स, म्हणजे माणसाला वाचता येईल असं मूळ लिखाण, कंपायलरच्या मूळ कर्त्यांच्या परवान्याप्रमाणे द्यावा. सोबत परवान्याची, म्हणजे त्यांच्या अटींची, इंग्रजी पानं. 'त्यापासून बनलेलं सगळं' द्यावं, असं काहीसं कुंडलिकने वाचलं. फॅटचा प्रोग्रामही कंपायलरमधूनच निघालेला. म्हणजे तोही द्यायचा, आणि उद्या विपुल फॅटची यंत्रंही स्वतःच बनवणार. शिवाय पोलीस आले तर? दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी प्रोग्रामची फ्लॉपी त्याने ज्वारीच्या कणगीत लपवली, मागायला काही उरूच नये म्हणून कंपायलरचा सोर्स डिस्कवरून पुसला आणि त्याच्या जपून ठेवलेल्या सीड्या कात्रीने कापल्या.

मग पुण्यात कॉम्प्युटर शिकवणारी चुलतबहीण शीला घरी आली. तिने पानं वाचली.

"दादा, परवाने दोन तऱ्हेचे असतात. एक म्हणतो, घ्या, बदला, हवं तर सोर्सला कुलूप लावा, फक्त आमचं नाव ठेवा. तुझा दुसऱ्या तऱ्हेचा. बदललेलं ज्याला देशील, त्याला सोर्सही द्यायचा. पण हे कंपायलरपुरतं. त्यातून निघालेला प्रोग्राम तुझाच. तो कुणीच मागितलेला नाही."

कुंडलिकने कापलेल्या सीड्या तिच्यापुढे ठेवल्या. संध्याकाळी त्याने फोन लावला.

"विपुलभाऊ, लई मोठी चूक झाली. तुमी मागितलं ते मी पुसून टाकलं."

 विपुल म्हणाला, "नव्या कॉम्प्युटरवर कंपायलर चालत नाही, म्हणून सोर्स मागितला व्हता, कुंडलिकराव. पुण्याचा इंजिनियर नीट करणार व्हता. आता कोण करील?"

"कुणीच न्हाई," कुंडलिक म्हणाला. "पुन्हा दोन वर्षं खपणं मलाबी आता जमायचं न्हाई."