नऊ दिवसांत सेहेचाळीस पानं

फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. दवनीवाड्याचं आमचं घर, दिवाळी होऊन आठवडा झालेला, अंगणात धानाची मळणी चालू. फोन जर्मनीतून, कोलोनहून होता. तिथल्या एका मैफलीची व्यवस्था बघणाऱ्या बाई एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. नव्या रचनेचा पहिलाच कार्यक्रम आहे, गाणारी बाई आजारी पडली, आणखी दोघींनी पानं बघूनच नाही म्हटलं. तू गाशील का? हातात नऊ दिवस आहेत.

मी घास ताटात ठेवला आणि हो म्हणाले. पानं किती, ते नंतर विचारलं. सेहेचाळीस.

मी सोप्रानो आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात बायकांचा जो सगळ्यात उंच आवाज, तो माझा. गोंदियाच्या शाळेत प्रार्थना बसवणाऱ्या केरळच्या सिस्टरनी तो पहिल्यांदा ओळखला. त्यांच्यामुळे चेन्नईला गेले, तिथून शिष्यवृत्तीवर जर्मनीला; आता दिवाळीपुरती घरी आले होते. बरोबरीच्या मुली जुन्या ऑपेरांच्या मागे होत्या. मला वेड लागलं ते आत्ता, आपल्या काळात लिहिल्या जाणाऱ्या संगीताचं. ते आधी कुणी गायलेलं नसतं, त्यामुळे "हे असंच गातात" असं सांगायलाही कुणी नसतं. पण तोवर मी विद्यार्थ्यांच्या रचना गात होते, वीस-तीस माणसांपुढे. एवढं मोठं काम पहिल्यांदाच दारात आलं होतं.

मेलवर आलेली पानं छापून घ्यायला दुपारीच भावाच्या मोटरसायकलवर बसून गोंदिया गाठलं. झेरॉक्सवाल्यानं पहिली चार पानं काढली आणि मशीन थांबवलं. "मॅडम, प्रिंट खराब आ रहा है. लाइनें टेढ़ी-मेढ़ी हैं."

"वैसा ही है भैया, निकालिए."

त्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे माझा आवाज कुठून कुठे घसरवायचा त्याच्या खुणा होत्या. जिथं रेघ नव्हती तिथं कुजबुज होती, जिभेचे टक् टक् होते, आणि मध्येच दोन सप्तकांची उडी. परतीच्या वाटेवर मागे बसून मी पानं छातीशी धरली होती आणि मला हसूच आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत सुरुवात केली. तासाभरानं माय दारात आली.

"काऊन ओरडून राहिली व? शेजारचे विचारून राहिले, पोरीले का झालं म्हणून."

"माय, गाणं होय हे."

"हे?" तिनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग दार उघडं ठेव. लोकाले समजू दे तरी."

दार उघडं ठेवल्यावर अंगणातला थ्रेशर आत आला. दिवसभर एकच घुंईं. आधी मी चिडले, आणि मग थबकले. चौदाव्या पानावर मला एक सूर लांबवर धरायचा होता आणि त्याच वेळी चेलो, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण मोठं, खालच्या सुरांचं वाद्य, त्याला खेटून, किंचित खालचा सूर वाजवणार होता. अशा वेळी गळा आपोआप खालच्या सुराकडे ओढला जातो. थ्रेशरचा सूर माझ्या सुराच्या नेमका थोडासा खाली होता! पेंढी आत गेली की तो आणखी खाली जायचा, मोकळा झाला की वर यायचा. मी अंगणात जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले आणि माझा सूर धरून ठेवला. मजूर बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, "मशीनसंगं भांडून राहिली बाई." दोन दिवसांत मी ते भांडण जिंकले.

एकतिसावं पान मात्र हटत नव्हतं. तिथं सात ठोक्यांच्या जागेत मला पाच सूर सारख्या अंतरानं बसवायचे होते. पाय सात आपटायला लागला की गळाही सात म्हणायचा. शेवटी मी मायसमोर परात ठेवली.

"तू फक्त सात मोज. मी काहीही केलं तरी थांबू नको."

तिनं झारा उचलला. तिचा ठोका पक्का होता. जन्मभर बायांच्या रांगेत धान लावलेली बाई ती. मी चुकले, अडले, रडकुंडीला आले, पण परात चुकली नाही. तिसऱ्या दिवशी पाच सूर सातात गुळगुळीत बसले आणि मी तिला मिठी मारली.

"एवढ्यासाठी तीन दिवस?" ती म्हणाली. पण दुपारी तीच परात घेऊन आली. "चल, आणखी एकदा."

सहाव्या दिवशी गोंदियाहून नागपूर आणि पुढे विमानं. कोलोनला बारा वादक माझी वाट बघत होते. पहिल्या तालमीत चौदावं पान असं गेलं की चेलोवाल्यानं भुवया उंचावल्या. एकतिसाव्यावर मात्र मी दोनदा कोसळले. हातानं ताल दाखवणारे संचालक थांबले आणि म्हणाले, "घरी कसं बसवलंस?" मी परातीचं सांगितलं. ते म्हणाले, "मग इथं माझ्याकडे बघूच नकोस. मी सात देतो, ते कानावर पडू दे." आणि त्यांनी स्टँडवर पेन्सिलीनं ठोका धरला. पाच सूर बसले.

मैफलीच्या दिवशी घाबरतच रंगमंचावर पाऊल टाकलं. दोन पानं झाली आणि भीती कुठल्या कुठे गेली. इतका आनंद होत होता की बाराव्या पानावर मी एक ठोका आधीच सुरुवात केली. मला ते तत्क्षणी कळलं. पण चेलोवाल्यानंही माझ्याबरोबर उडी मारली, त्याच्यामागून बाकीचे आले, आणि आम्ही सगळे धावत असल्यासारखे पुढच्या पानात शिरलो. चौदावं गेलं, एकतिसावं गेलं. शेवटची कुजबुज संपली. मग टाळ्या.

रचना लिहिणाऱ्या बाई सत्तरीच्या, काठी टेकत आत आल्या. मी आधीच बोलून टाकलं, "बाराव्या पानावर माझी चूक झाली."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी लिहिलंय त्याहून ते चांगलं होतं. छापताना तसंच ठेवते."

मी बाहेर येऊन मायला फोन लावला. तिनं पहिलं विचारलं, "चुकली का?"

"चुकली. तर त्या म्हणतात, तसंच राहू दे."

"म्हंजे तुझ्या चुकीपायी त्याइनं गाणं बदलवलं?" पलीकडे ती कुणाला तरी हे जोरजोरात सांगायला लागली. फोन चालू आहे हे ती विसरूनच गेली.

त्या मैफलीनंतर कामं आपसूक येऊ लागली. आता वर्षातून पाच-सहा नव्या रचना पहिल्यांदा माझ्याच गळ्यातून बाहेर येतात. गेल्या वसंतात ॲमस्टरडॅमला एका तरुण गायिकेला कोलोनची ती रचना गाताना ऐकलं, छापील पुस्तकातून बसवलेली. बाराव्या पानावर ती एक ठोका आधी आली, अगदी बिनचूक. मी खुर्चीच्या काठावर येऊन बसले होते. शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा हात मी घट्ट धरला होता, हे टाळ्या वाजवायची वेळ आली तेव्हाच लक्षात आलं.