डॅनियलकाकांच्या नावातला बैल

पांढरकवड्याहून लीयामावशीचा फोन आला. "पेंटर, रविवारी मी ठाण्याला चालले लेकीकडे, कायमची. त्याआधी काकांच्या कबरीच्या दगडावर त्यांचं नाव आमच्या अक्षरांत पाहिजे."

मी हो म्हणून बसलो. काका-मावशी बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, आणि मला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं! पण मी सोळा वर्षांचा, खिसा फाटका, तेव्हा मावशीचे यजमान, कापसाच्या जिनिंगचे फिटर डॅनियलकाका यांनीच मला फाटकाची पाटी रंगवायला दिली होती, वर ब्रशही स्वतःचा. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

शुक्रवारी सकाळी यवतमाळहून एसटीनं घाटंजी गाठली. तिथून दगडाचे कारागीर सलीमभाई यांना सोबत घ्यायचं होतं. स्टँडबाहेर तर्री ओतलेला आलुबोंडा खा. वीस रुपयांत दुपारपर्यंतची सोय. पुढे काळीपिवळी. माणसं कोंबली जातात, पण कान उघडे ठेवले तर करमणूक फुकट.

"चाच्या, थैलीत लोखंड भरलं काय? पायावर आलं ना माह्या!"

"छिन्नी हाय, बाई. तुह्या सासूसाठी नाही आणली."

सगळी जीप हसली, सासूसकट. ती मागच्याच सीटवर होती.

रस्त्यात कापूस फुटलेला, पुढे सागाचं जंगल. दुपारी पोचलो. मावशीनं चहा दिला आणि भिंतीवरचा हिब्रू अक्षरांचा जुना तक्ता उतरवला. तिच्या वडिलांनी कोकणातून आणलेला. काकांच्या नावात पाचच अक्षरं, उजवीकडून लिहायची.

"दालेत म्हणजे दार. नून, आधी साप काढत, पुढे त्याला मासा म्हणू लागले. योद, हात. अलेफ, बैल. पार जुन्या काळी खरंच बैलाचं तोंड होतं. लिहितालिहिता ते आडवं झालं, आता नुसती शिंगं उरली. आणि शेवटी लामेद. बैल हाकायची पराणी."

"म्हंजे आपलं वखरच झालं की," सलीमभाई म्हणाले. "उजवीकडून तर मी उर्दू रोजच लिहितो. पेंटर, तू घाबरून कायले राह्यला?"

ऊन कलेपर्यंत पाटीवर गिरवलं. मग कागदावर फक्कड नाव काढलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं वरून सर्रकन एक रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मावशीनं कागद जवळ ओढून घेतला. म्हटलं, बिघडलं.

"रेघ आम्हीही आखतो," ती हळूच म्हणाली. "अक्षरं तिलाच टांगतो. पण ती शाईनं नसते, आणि अक्षराला अक्षर टेकू देत नाहीत. मध्ये केसाएवढी तरी जागा."

दिवेलागणीला तिचा शब्बाथ लागला, शनिवार मावळेपर्यंत कामाला हात नाही. रविवारी गाडी संध्याकाळची. म्हणून उजाडताच ख्रिस्ती दफनभूमीत गेलो. गावात ज्यूंची वेगळी नाही, म्हणून काकांना तिथंच कोपऱ्यात जागा मिळाली होती. मराठी नाव दगडावर होतंच. त्याच्या वरच्या जागेत मी खडूची रेघ मारली, पाच अक्षरं टांगली. सलीमभाईंनी बिस्मिल्ला म्हणून छिन्नी लावली. दोन तास काम चाललं.

झाल्यावर मावशीनं पदर ओला करून खडूची रेघ पुसली. मग बोट फिरवत वाचलं. "दार. मासा. हात. बैल." पुढच्या अक्षरावर बोट थांबलं. "आणि ही पराणी म्हणजे मी. जन्मभर ऊठ-ऊठ करून हाकलं त्यांना." हसली, आणि मग तिला रडू आवरेना. सलीमभाई उगाचच छिन्नी पुसत राहिले.

तक्ता तिनं मला दिला. तो दुकानात रंगाच्या डब्यांवर लावलाय. परवा एकजण बैलगाडीवर नाव टाकायला आला, कोपऱ्यात मी एक अलेफ काढून दिलं.

"हे काय?"

"बैल."

त्यानं मान वाकडी करून पाहिलं. "हो ना बाप्पा, शिंगं दिसून राह्यले!"

फोटो मावशीला पाठवला. ठाण्याहून लगेच उत्तर आलं : "आणि पराणी?"