म्बाक वूरचे चढे आकडे

मागच्या महिन्यात भिशी आमच्याकडे होती. सोयाबीनचं तळलेलं तेंपे घेऊन मी बाहेर आले, तर माझी थोरली नणंद, म्बाक वूर (म्बाक म्हणजे ताई), ताटलीकडे बघेना. एरवी पहिला तुकडा तिचाच.

म्बाक इथे जावात, क्लातेनजवळच्या एका छोट्या दवाखान्यात रक्त तपासते. रोग्यांची नावं विसरते, शिरा विसरत नाही. भिशीतल्या एंडा आणि तितिक दुसऱ्या दवाखान्यांत तेच काम करतात. जिल्ह्याहून तिघींना एकाच वाळवलेल्या रक्तद्रवाच्या कुप्या येतात. पाण्यात विरघळवून तपासायचं, आकडे कळवायचे. मग कुणाचं कुठे चुकतंय ते ताडून बघतात. म्बाकचे आकडे दोनदा चढे निघाले होते. पुन्हा तसंच झालं तर तिच्याकडची साखरेची तपासणी बंद होणार आणि गावातल्या म्हाताऱ्यांना उपाशीपोटी बसने शहर गाठावं लागणार.

तितिकला दया आली. पुढच्या वेळी तिघींनी फोनवर ठरवून एकच आकडा कळवावा, कुणाचीच शोभा नको, असं तिनं हळूच सुचवलं.

म्बाकनं पेला खाली ठेवला. "अगं, तुझ्या मायेनं माझा आकडा सुधारणार आहे का? मी चुकत असेन तर कुणीतरी उगाच गोड चहा सोडून बसलंय. त्याचा जाब वर अल्लाला मलाच द्यावा लागेल."

एंडा मात्र आकडेच बघत होती. साखर, युरिया, कोलेस्टेरॉल, सगळंच सारख्या प्रमाणात चढलेलं. म्हणजे पाणी उडत असणार, ती म्हणाली, आणि कुपी विरघळवल्यावर काय करतेस म्हणून विचारलं. म्बाकनं सांगितलं: मशीनच्या कपांत ओतते, नमाजाला जाते, जेवून येऊन तपासते.

"कपांवर झाकण?"

"नाही."

"आणि वर पंखा?"

म्बाकनं कपाळावर हात मारला.

"म्हणजे तू नमाज पढतेस तोवर तुझा रक्तद्रव वाळत बसतो," एंडा म्हणाली. तितिकला चहाचा ठसका लागला.

रोग्यांचं रक्त म्बाक लगेच मशीनला लावते, त्यामुळे त्यांचे आकडे खरेच होते. हे लक्षात आल्यावर तिनं तेंपेची ताटली पुढे ओढली.

या खेपेला तिनं आधी नमाज पढला, मग कुपी उघडली. आज निकाल आला. तिघींचे आकडे अगदी शेजारी बसले, अल्हम्दुलिल्लाह. मी दवाखान्यात तिला डबा द्यायला गेले तेव्हा बाकावर म्हाताऱ्यांची रांग होती, आणि एक आजोबा म्बाकवर खेकसत होते, लवकर सुई टोच, भुकेनं जीव चाललाय.