धड्यातली गिरणी
काल शेजारच्या शेतात हळद शिजत होती आणि त्या वासानं मला सेनगावच्या कॉलेजातली एक जुनी बैठक आठवली. विद्यापीठाचे सर लोक उद्योजकतेचा अभ्यासक्रम तपासायला आले होते आणि त्यातल्या एका धड्यातली यशस्वी बाई म्हणून मला बोलावलं होतं. तिथंही खिडकीतून हाच वास येत होता. सत्काराची शाल मानेला टोचत होती. मी म्हणाले, “सर, माझी हळदीची गिरणी बंद पडली. मागल्या हप्त्यात मशीन इकून टाकली.” मोठ्या सरांनी धड्याचं पान उलटलं. “ताई, धडा चांगला जमलाय, राहू द्या,” म्हणाले. मी चहा पिऊन घरी आले. लेकीला यंदा तोच धडा आहे. काल पाठ करता करता ती अडली. “आई, तुझ्या यशाचं तिसरं कारण काय गं?” “चिकाटी,” मी सांगितलं.